'राबु सुतोओरी वा तोत्सुझेन नि' बसवायचंय: पहिली गिटार, चिंचेतला 'त्सु' आणि ८ सेंमीची चकती

नवशिकी_निहोंगो

नमस्कार मंडळी. पुण्यातल्या आमच्या जपानी वर्गाच्या कार्यक्रमात ओदा काझुमासांचं 'राबु सुतोओरी वा तोत्सुझेन नि' बसवायचं ठरलंय. म्हणजे १९९१च्या 'टोकियो लव्ह स्टोरी' मालिकेचं शीर्षकगीत. दोन गिटार, एक कीबोर्ड, कहोन (बसून हाताने वाजवायची तालपेटी) आणि गायला आम्ही दोघी. अडचणी पुढीलप्रमाणे:

सुरुवातीची ती गिटार कशी वाजवतात? आमच्याकडून नुसता खरखराट येतोय. रोमन लिपीतल्या शब्दांवरून गायलं की सर म्हणतात उच्चार इंग्रजी वाटतात. देवनागरीत लिहून घ्यावं का, आणि कसं? मूळ पट्टी बदलावी का? एकाकडे मूळ सिंगलची छोटी सीडी आलीये, ती लॅपटॉपच्या ड्राइव्हमध्ये घालायची भीती वाटते. आणि निवेदनात चार ओळी बोलायच्या आहेत, तर माहिती खात्रीची हवी.

---

शिंबुनवाला

निवेदनापुरतं आधी देतो, मग जाणकार बाकीचं सांगतीलच.

मालिका फुजी टीव्हीवर ७ जानेवारी ते १८ मार्च १९९१, दर सोमवारी रात्री ९ वाजता. एकूण ११ भाग. सोमवार म्हणजे 'गेत्सुयोबी' आणि ९ म्हणजे 'कु', म्हणून या वेळेला जपानीत 'गेत्सुकु' म्हणतात. मूळ मांगा (जपानी चित्रकथा) साइमोन फुमी यांची, पटकथा साकामोतो युजी यांची. मालिका सुरू झाली तेव्हा साकामोतो अवघे २३ वर्षांचे होते. याच लेखकाला २०२३ साली कान महोत्सवात पटकथेचा पुरस्कार मिळाला. अकाना रिकाच्या भूमिकेत सुझुकी होनामी, नागाओ कांजी ऊर्फ 'कांची' म्हणजे ओदा युजी. शेवटच्या भागाचा कांतो भागातला (टोकियो आणि आसपासचा) टीआरपी ३२.३ टक्के.

इथे एक खड्डा आहे. नायक ओदा युजी आणि गायक ओदा काझुमासा यांचं काही नातं नाही. देवनागरीत दोघेही 'ओदा', पण कांजीत (जपानी चित्रलिपीत) गायकाच्या आडनावात 'लहान' आणि 'शेत' ही अक्षरं येतात, तर नटाच्या आडनावात 'विणणे' आणि 'शेत' (इतिहासातला सरदार ओदा नोबुनागा, त्याच्या घराण्याचं तेच). निवेदनात नुसतं 'ओदांनी गायलेलं' म्हणालात तर मालिका पाहिलेले लोक नटाचा चेहरा डोळ्यांपुढे आणतील. पूर्ण नाव घ्या.

काझुमासा मूळचे योकोहामाचे, जन्म १९४७. शिक्षण वास्तुशास्त्राचं, आधी तोहोकु विद्यापीठ, मग वासेदा. 'ऑफ कोर्स' हा त्यांचा बँड फेब्रुवारी १९८९ मध्ये टोकियो डोमच्या कार्यक्रमानंतर विसर्जित झाला. म्हणजे हे गाणं आलं तेव्हा ते नवखे नव्हते, ४३ वर्षांचे होते. गीत, संगीत, आवाज सगळं त्यांचंच. मालिकेचं पार्श्वसंगीत मात्र हिनाता तोशिफुमी यांचं. ही गल्लतसुद्धा नेहमी होते.

---

आगाऊ_कार्टा

म्हणजे ४३व्या वर्षी माणूस 'प्रेम अचानक होतं' म्हणतोय. आमच्यासाठी आशा आहे तर.

---

तारछेडू

गिटारचं मी घेतो. खरखराट म्हणालात तिथेच रोग कळला.

जपानी लोक ही सुरुवात तोंडाने 'चुकु-चूऽऽन' अशी म्हणून दाखवतात. वाजवणारे साहाशी योशियुकी, तिथले फार मोठे सेशन गिटारिस्ट (इतरांच्या ध्वनिमुद्रणात वाजवणारे). तीन फटक्यांची गंमत आहे. पहिले दोन मुके, तिसरा वाजता. तुमच्याकडे बहुतेक तिन्ही अर्धवट वाजत असणार.

एका मात्रेचे चार तुकडे धरा: ता-का-दि-मि. 'चु' पडतो चौथ्या मात्रेच्या 'दि'वर, 'कु' पडतो 'मि'वर आणि 'चूऽऽन' थेट समेवर. उजवा हात सोळाव्या भागांत सतत खाली-वर हलत असेल तर 'दि' आपोआप खाली येतो, 'मि' वर जातो आणि सम पुन्हा खाली. हात थांबवून नेमके तीनच फटके मारायला गेलात की ताल लंगडतो. पूर्ण चौथी मात्रा हात हवेत फिरवा, तारांना लागू द्या फक्त शेवटचे दोन.

डावा हात. कॉर्डची पकड वरच्या तीन, फार तर चार तारांवर ठेवा, पहिली ते चौथी. जाड तारांना हात नको. 'चु' आणि 'कु'च्या वेळी बोटं तारांवर टेकलेली पण न दाबलेली. 'चूऽऽन'च्या क्षणी दाबायची. दाब 'कु'नंतर आणि समेआधी यायला हवा, म्हणजे मात्रेच्या एक चतुर्थांशात. दाबायला उशीर झाला की समेवर 'टक' येतो आणि सूर मागून. लवकर दाबलं की 'कु'च वाजून जातो आणि दोन कॉर्ड ऐकू येतात.

मुका फटका मारताना घंटीसारखा बारीक सूर निघत असेल तर तुमचं एकच बोट तारेला टेकलंय आणि तेही ५व्या, ७व्या किंवा १२व्या फ्रेटच्या रेषेवर. तिथे हार्मोनिक फुटतो. दोन-तीन बोटं आडवी टाका, जाईल.

पिक ०.६० ते ०.७३ मिमी. १ मिमीच्या वर गेलात की 'चुकु'चं 'डुगुडुगु' होतं. तारा ९-४२ किंवा १०-४६, दोन्ही चालतात.

सराव मेट्रोनोम ७०वर सुरू करा, ओळीने वीस वेळा स्वच्छ आलं की ५ने वाढवा. गाण्याची गती कुठल्यातरी साइटवरून उचलू नका, मूळ लावून १५ सेकंदांत किती ठोके पडतात ते मोजा आणि ४ने गुणा. दोनदा मोजा, कारण निम्म्या गतीत मोजायची चूक सगळ्यांची होते.

---

पेटीमास्तर

तारछेडू, झक्कास. भर घालतो, आवाजाच्या सेटिंगची. मंचावर निम्मं पाणी इथेच पडतं.

एकदम स्वच्छ टोन, गेन (आवाज फाडणारी वाढ) नाही. स्ट्रॅट (स्ट्रॅटोकास्टर) जातीची गिटार असेल तर स्विच मधल्या स्थितीत (दुसरी किंवा चौथी). कंप्रेसर (मोठे आवाज दाबून पातळी सारखी करणारा) ३:१ ते ४:१, आणि त्याचा अटॅक (दाबायला लागणारा वेळ) २० ते ३० मिलिसेकंद. अटॅक ५च्या खाली नेलात तर कंप्रेसर पिकचा 'च' खाऊन टाकतो, उरतो नुसता 'ऊन'. कोरस (आवाज दुहेरी, लहरता करणारा इफेक्ट) असेल तर अगदी संथ आणि कमी खोल. ऐंशी-नव्वदच्या गाण्यांना कोरस हवाच अशी समजूत असते आणि लोक तो इतका वाढवतात की गिटार बेसूर वाटते.

नॉइज गेट (ठरावीक पातळीखालचा आवाज बंद करणारा) लावणार असाल तर सांभाळून. लांबवलेला 'ऽऽन' विझत येतो तेव्हा गेट त्याची शेपूट कापतो. सरळ बंदच ठेवा.

अकूस्टिक गिटारवरही होतं, पण पिक ०.५० चा घ्या आणि फटका पुलाच्या बाजूला सरकवा. साउंडहोलवर मारलात तर मुके फटके ढोलकीसारखे घुमतात.

---

नवशिकी_निहोंगो

बापरे, सोनं आहे हे. तारछेडूदादा, एक विचारते. समेआधीच गिटार येते, तर बाकीच्यांनी सुरू कसं करायचं? मोजणी कोण देणार?

---

तारछेडू

कहोनवाल्याने द्यायची. काठीने किंवा टाळीने एक-दोन-तीन, आणि चौथी मात्रा गिळायची. चारही मोजल्या की टाळी आणि 'चुकु' एकमेकांवर आदळतात आणि तुमची हुकमी सुरुवात चिखलात जाते. सरावात चौथी मनात मोजा. एवढं एक जमलं की सभागृहात ज्यांनी मालिका पाहिलीये ते पहिल्या सेकंदात ओळखतात.

दुसरी गिटार सुरुवातीला पूर्ण गप्प. दोन गिटारांनी एकत्र 'चुकु' मारायचा मोह टाळा, सोळाव्या भागात दोन माणसं कधीच तंतोतंत पडत नाहीत.

---

व्याकरणवेडा

आता उच्चार. ताई, तुमचे सर बरोबर बोलतायत आणि रोग रोमन लिपीचाच आहे. रोमन अक्षरं दिसली की आपली जीभ इंग्रजी शाळेत जाऊन बसते. मराठी माणसाला जपानी ध्वनी इंग्रजीपेक्षा मराठीतून फार जवळचे पडतात.

शीर्षकच घ्या. 'तोत्सुझेन' म्हणजे अचानक. यातला 'त्सु' आपल्याला त + सु असा तोडून म्हणायची गरज नाही. चूल, चुना यातला जो च आहे (दंततालव्य म्हणतात तो), तोच हा. 'चूल'मधला चू ऱ्हस्व करा, झाला जपानी 'त्सु'. उलट जपानी 'चि' म्हणजे चिमणीतला चि, तालव्य. गंमत बघा, 'चिंच' या एकाच शब्दात दोन्ही आहेत: पहिला च 'चि'चा आणि शेवटचा 'त्सु'चा. हिंदी माणसाला ही सोय नाही.

तसंच 'झे'. हा इंग्रजी झेड नव्हे. माझे म्हणताना जो झे निघतो त्यातला हकाराचा श्वास काढून टाका. जुना, जाड यातला ज, त्याला ए लावा. आणि 'जि' आला की जिरेतला. म्हणजे इ-कार आला की तालव्य आणि उ-कार, आ-कार आला की दंततालव्य, ही विभागणी आपल्या तोंडात आधीच बसलेली आहे.

आता त आणि ट. जपानीत ट-ड नाहीत. बातमीत आपण 'टोकियो' लिहितो ते रूढ आहे, राहू दे, पण गाताना 'तोऽक्योऽ'. 'ओडा' नव्हे, 'ओदा'. इंग्रजीतून जपानी शिकलेल्या मराठी माणसाचा ट लगेच ऐकू येतो.

'फु' म्हणजे फळातला फ नाही आणि दात-ओठ लावून काढलेला इंग्रजी एफही नाही. चहावर फुंकर घालताना ओठ जसे होतात, तसे.

---

व्याकरणवेडा

(पुढे चालू, मघाशी लांबत गेलं.)

गाताना सगळ्यात जास्त घोळ होतो तो मोजणीत. जपानी गाणं अक्षरांवर नाही, 'हाकु'वर चालतं. हाकु म्हणजे एक ठोका. शीर्षक मोजा: रा-बु-सु-तो-ओ-रि-इ-वा-तो-त्सु-झे-न्-नि. तेरा ठोके. दीर्घ स्वर दोन ठोके खातो, आणि पाय मोडलेला न् सुद्धा पूर्ण एक ठोका खातो. मराठी कान 'झेन्नि'ला दोन अक्षरं समजतो, जपानी तीन मोजतो. म्हणून ओळीच्या शेवटी तुम्ही संगीताच्या आधी पोचता आणि मग उरलेली जागा स्वर ताणून भरता. सरांना खटकतं ते बहुधा हेच.

हा 'न्' आपल्या अनुस्वारासारखाच वागतो. 'अंबा'त म होतो, 'अंत'मध्ये न होतो, 'अंक'मध्ये ङ होतो. जपानीतही पुढच्या व्यंजनाप्रमाणे हाच बदल. 'शिंबुन' (वर्तमानपत्र) लिहिलं की मराठी माणूस आपसूक बरोबर वाचतो. म्हणून देवनागरीत लिहून घ्याच, आणि अनुस्वारच वापरा. फक्त त्याच्यावर एक टिंब जास्तीचं काढून ठेवा, 'इथे ठोका आहे' ही खूण म्हणून.

जोडाक्षराचंही तेच. 'कित्तो', 'मोत्तो' यांत तीन-तीन ठोके: कि-(थांबा)-तो. बोलताना आपण 'पत्ता' म्हणतो तसं चालतं, पण गाण्यात त्या थांब्याला स्वतःची जागा असते. तिथे श्वास रोखायचा, पुढचं अक्षर आधी ढकलायचं नाही.

आणि लिपीतला एक सापळा: हिरागानात (जपानी अक्षरमालेत) 'हा' लिहिलेलं असतं, पण विषयवाचक प्रत्यय म्हणून आलं की 'वा' वाचतात. शीर्षकातला 'वा' तोच. कर्माचा प्रत्यय रोमनमध्ये कधी 'वो' छापतात, म्हणायचा 'ओ'.

---

आगाऊ_कार्टा

'राबु'?? लव्हचं राबु? म्हणजे प्रेमात राबायचं.

---

व्याकरणवेडा

कार्ट्या, विनोद बरा आहे. हो, जपानीत ल आणि र वेगळे नाहीत. मराठी र चालतो, पण जिभेचा एकच हलका स्पर्श. 'र्र' घोळवला की वेगळंच काहीतरी होतं.

---

शिंबुनवाला

व्याकरणवेडा, तुम्ही अर्थाकडे वळला नाहीत, म्हणून मी एक टाकतो. शीर्षकातले शब्द गाण्यात कुठेच येत नाहीत. ज्यांना शीर्षक ध्रुवपदात येईल असं वाटतं ते वाट बघत राहतात. ध्रुवपदाची सुरुवात होते 'आनो' या दर्शकाने, आणि तो तीन वेळा येतो: तो दिवस, ती वेळ, ती जागा. पुढे अट: तेव्हा भेट झाली नसती तर आपण कायम अनोळखीच राहिलो असतो.

---

व्याकरणवेडा

आणि इथेच मराठी माणसाला लॉटरी आहे! जपानीत ही 'तर'ची अट क्रियापदाच्या शेपटीला -तारा लावून होते. आपलं 'भेटलो नसतो तर'. क्रियापद शेवटी, नकार क्रियापदाच्या पोटात, आणि अटीचा प्रत्यय सगळ्यात शेवटी. शब्दक्रम जवळजवळ जसाच्या तसा उतरतो. ध्वनीतलं साम्य निव्वळ योगायोग आहे, भाषांचं नातं काढू नका. पण पाठ करायला याहून सोपी खुंटी मिळणार नाही.

'आनो'बद्दल एक बारकावा. जपानीत 'हा-तो'च्या जागी तीन पायऱ्या आहेत: 'कोनो' माझ्याजवळचा, 'सोनो' तुझ्याजवळचा, 'आनो' दोघांपासून लांबचा. गेलेल्या गोष्टीसाठी 'आनो' वापरला की 'आपल्या दोघांनाही माहीत असलेला तो' असा अर्थ येतो. 'त्या दिवशी' एवढ्याने तो पूर्ण उतरत नाही. आपण बोलताना 'तो नाही का, तो दिवस' म्हणतो, त्याच्या जवळ जातं. निवेदनात हे एक वाक्य सांगितलंत तर ऐकणाऱ्याला ध्रुवपद उघडेल.

---

नवशिकी_निहोंगो

तारा = तर 😀 आता हे आयुष्यात विसरणार नाही. पट्टीचं कुणी सांगाल का? आम्ही दोघी काळी ४ला गाणाऱ्या आहोत, पण इथे 'सा'च सापडत नाहीये.

---

पेटीमास्तर

ताई, 'सा' शोधून पट्टी ठरवायची सवय इथे जरा बाजूला ठेवा. आपल्याकडे गायक आपल्या 'सा'वर गाणं ओढून आणतो. इथे बघायचं ते सगळ्यात वरचा आणि सगळ्यात खालचा सूर कोणता ते. ओदांचा आवाज पुरुषांत फारच वरचा, आणि पातळ ठेवून गातात. त्यामुळे पुरुष मंडळी मूळ पट्टीत ध्रुवपदाला ओरडू लागतात. बायकांना मात्र मूळ सुरांवरच, सप्तक न बदलता, बऱ्यापैकी गाता येतं. फक्त अंतऱ्यातले खालचे सूर घशात बसतायत का बघा.

पद्धत: मूळ रेकॉर्डिंगबरोबर आधी ध्रुवपद गा, मग सुरुवातीच्या ओळी. वर ताण येतोय का खाली हवा निघतेय ते टिपा. खाली हवा निघत असेल तर २ अर्धे सूर वर. अर्धा सूर म्हणजे पेटीवरची लगतची पट्टी, काळी-पांढरी दोन्ही धरून. वर ताण येत असेल तर २ खाली. पुरुष गाणार असेल तर ३-४ खाली सहज लागतात. ५च्या पुढे गेलात तर गाण्याचा उजेड जातो, त्यापेक्षा गायक बदला.

कीबोर्डवर ट्रान्स्पोजचं बटण आहे, प्रश्न मिटला. गिटारवाल्यांना लक्षात ठेवायचं: कॅपो (गिटारच्या मानेवर लावायचा चिमटा) सूर फक्त वर नेतो. दोन अर्धे सूर खाली जायचं तर डीच्या जागी सीचे आकार, ईच्या जागी डीचे. सुरुवातीचा तुकडा वरच्या तारांवरच्या बंद पकडीत असल्याने तसाच सरकवता येतो, ही सोय आहे. तारा उतरवून खाली जाऊ नका, सैल तारेवर 'चुकु'चा कडकपणा जातो.

कुणी जपानमध्ये कराओकेला जाऊन सराव करणार असेल तर यंत्रावर 'की'ची + आणि − बटणं असतात, एका दाबाला अर्धा सूर. 'गेन्क्योकु की' म्हणजे मूळ गाण्याची पट्टी. यंत्र कधी कधी आधीच एक-दोन खाली लावून ठेवलेलं असतं, आणि मूळ पट्टी जमली म्हणून माणूस उगाच खूश होतो.

---

चकतीसंग्राहक

आता माझं खातं. ती सीडी खाचेतून आत ओढून घेणाऱ्या ड्राइव्हमध्ये अजिबात घालू नका. जुने मॅकबुक, गाडीतले प्लेयर, काही गेमिंग कन्सोल, सगळे यात आले. हे ड्राइव्ह १२ सेंमीच्या चकतीच्या कडेचा अंदाज घेऊन रुळांनी ओढतात. ८ सेंमीची चकती मध्येच तिरकी होते, ना पुढे ना मागे. मग ड्राइव्ह उघडल्याशिवाय निघत नाही आणि निघते तेव्हा ओरखडे घेऊन.

ट्रेवाला ड्राइव्ह घ्या. ट्रेमध्ये मोठ्या खळग्याच्या आत दुसरा, लहान गोल खळगा दिसेल, तो बरोबर ८ सेंमीचा असतो. चकती त्यात बसवा. लॅपटॉपच्या पातळ बाह्य ड्राइव्हमध्ये मध्ये दातेरी खुंटी असते, तिथे 'टक' आवाज येईपर्यंत मधोमध दाबायची. असा ड्राइव्ह उभा न ठेवता आडवाच ठेवा. ८ सेंमीला १२ सेंमी करणाऱ्या प्लास्टिकच्या कड्या मिळतात, त्यांच्या भरवशावर खाचेच्या ड्राइव्हला हात लावू नका. कडी आत सुटली तर दोन वस्तू अडकतात.

वेष्टनाबद्दल. हे उभे, लांबट कागदी पाकीट असतं, त्याला 'तान्झाकु' म्हणतात. तानाबाताच्या सणाला इच्छा लिहून बांबूला बांधतात ती कागदाची पट्टी, तिच्यावरून नाव. आतला प्लास्टिकचा साचा मधोमध मोडून निम्म्या आकाराची चौकोनी डबी करता येईल असा बनवलेला असतो. तो मोडू नका. न मोडलेल्या साच्याला संग्राहक जास्त मोजतात, आणि तीसेक वर्षांपूर्वीचं प्लास्टिक ठिसूळ झाल्याने ठरलेल्या रेषेवर न मोडता भलतीकडेच तडकतं. चकती काढतानाही कड ओढायची नाही, मधली खुंटी दाबून सोडवायची.

शेवटचं, यात बरेच जण फसतात. ही सिंगल दुहेरी 'ए' बाजूची आहे आणि पहिल्या क्रमांकावर 'ओह! येआह!' हे गाणं आहे, तेही नावात आधी छापलेलं. 'तोत्सुझेन नि' दुसऱ्या क्रमांकावर. चकती लावली, भलतंच गाणं लागलं, म्हणून 'बनावट आहे' असं विक्रेत्याला कळवणारे महाभाग आहेत.

---

नवशिकी_निहोंगो

अय्या, आम्हीही 'हे कुठलं गाणं' म्हणून बंदच केलं होतं. 🙈

---

खवचट_श्रोता

सगळं ठीक, पण मला सांगा, गाणं चाललं ते मालिकेमुळेच ना? त्याच वर्षी त्याच सोमवार ९च्या वेळेला आलेलं चागे अँड आस्का या जोडीचं 'से येस' एकूण विक्रीत याच्या पुढे आहे. मग १९९१च्या वार्षिक विक्रीयादीत 'वर्षातलं पहिलं' हा मान याला कसा मिळाला?

---

शिंबुनवाला

आकडे बरोबर, निष्कर्ष थोडा घाईचा. ओरिकॉनच्या (जपानमधली गाण्यांची विक्री मोजणारी कंपनी) मोजणीत ओदांची सिंगल सुमारे २५.९ लाख, 'से येस' सुमारे २८.२ लाख. पण ओदांची आली ६ फेब्रुवारी १९९१ला, 'से येस' २४ जुलैला. ओरिकॉनचं वर्ष डिसेंबरच्या सुरुवातीला संपतं, तोवर 'से येस'ला चार-साडेचार महिनेच मिळाले, उरलेली विक्री पुढच्या वर्षात मोजली गेली. म्हणून १९९१च्या वार्षिक यादीत ओदा पहिले. दोन्ही विधानं एकाच वेळी खरी आहेत.

मालिकेमुळे चाललं का? तारखा लावून बघा. पहिला भाग ७ जानेवारीला, पाचवा ४ फेब्रुवारीला, आणि सिंगल दुकानात आली ६ला, बुधवारी. म्हणजे पाच सोमवार लोकांनी गाणं ऐकलं आणि विकत मिळत नव्हतं. आजच्यासारखं फोनवर लगेच शोधून ऐकायची सोय नव्हती. ही अडवून धरलेली तहान पहिल्या आठवड्यात एकदम सुटली. त्या अर्थी मालिकेचा हात मोठाच.

---

तारछेडू

पण शिंबुनवाला, उलटा हातही आहे. प्रसंग टोकाला जातो, कुणीतरी वळतं, आणि संवाद संपतो न संपतो तोच 'चुकु-चूऽऽन'. पाव सेकंदात कळतं की आता गाणं. हळूहळू चढत जाणारी पियानोची सुरुवात असती तर दिग्दर्शकाला आठ-दहा सेकंद आधीपासून संवादाखाली ती सरकवावी लागली असती. इथे तो नेमका कट देऊ शकतो. ही गिटार मालिकेच्या संकलनात हत्यारासारखी वापरलीये. २०२०च्या नव्या आवृत्तीला व्हाउंडी या गायकाचं 'तोमोशिबि' आहे, गाणं चांगलंच आहे, पण ते असं वार करत नाही.

---

खवचट_श्रोता

हे पटलं. भाग परत बघताना कान तिथे ठेवतो.

---

पेटीमास्तर

एक इशारा, कार्यक्रमाचा व्हिडिओ टाकणार असाल तर. मागे मूळ रेकॉर्डिंग किंवा कराओके कंपनीचा ट्रॅक लावून गाऊ नका. यूट्यूबचा जपानच्या जासराकशी (गीत-संगीताचे हक्क सांभाळणारी संस्था) जो करार आहे तो गीत-संगीताच्या हक्कापुरता. ध्वनिमुद्रणाचा हक्क वेगळा, तो त्यात येत नाही. स्वतः वाजवलेलं टाका. आणि व्हिडिओखाली पूर्ण शब्द किंवा पूर्ण मराठी भाषांतर चिकटवू नका, भाषांतराचाही हक्क असतो. दोन-चार ओळींत आशय सांगा, पुरे.

---

प्रवासी_पक्षी

धागा वाचत होते. कुणी जपानला जाणार असेल तर शेवटच्या भागातलं स्टेशन बघून या: शिकोकुवर, एहिमे प्रांतात मात्सुयामाजवळचं बाइशिन्जि. प्लॅटफॉर्मला लागून समुद्र. रिका रुमालावर 'बाय बाय कांची' लिहून कठड्याला बांधते ते हेच. नंतर तिथे रुमाल बांधायची प्रथाच पडली.

चूक होते ती स्टेशनाच्या नावात. जेआर मात्सुयामा आणि मात्सुयामा-शि ही दोन वेगळी स्टेशनं. बाइशिन्जिला जाणारी गाडी इयोतेत्सु या खासगी कंपनीच्या ताकाहामा मार्गावरची, ती मात्सुयामा-शिहून सुटते. वीसेक मिनिटं. जेआरने उतरलात तर पाच-सात मिनिटं चालत ओतेमाचि स्टेशन गाठा, तीच गाडी तिथे मिळते. बाइशिन्जि शेवटच्या ताकाहामाच्या आधीचं. देशभराचा 'जपान रेल पास' या गाडीला चालत नाही, सुटे पैसे ठेवा.

---

नवशिकी_निहोंगो

सगळ्यांचे मनापासून आभार. काल चौथी मात्रा गिळून पाहिली, पहिल्यांदाच सगळे एकत्र पडलो. शब्द देवनागरीत उतरवतेय, 'न्'वर टिंबं देऊन. पत्रिकेचा मजकूर असा छापायला देतेय, एकदा बघाल का: "गायक: काझुमासा ओडा, मालिका: टोकियो लव्ह स्टोरी (१९९१)".

---

व्याकरणवेडा

टोकियो राहू दे. 'ओडा'चं 'ओदा' करा, आणि छापखान्यात जायच्या आधी करा.